टाकी भरल्यावर गाडी लगेच सुरू होत नाही आणि पी ०४४१ हा कोड पुन्हा पुन्हा येतो

जामसंड्याची वाट (देवगड)

नमस्कार. माझ्याकडे २०१८ सालची, बीएस-४ मानकाची पेट्रोल हॅचबॅक आहे. ती आजवर ६१ हजार किलोमीटर चालली आहे. गेले चार महिने डॅशबोर्डवरचा इंजिनाचा पिवळा दिवा लागतो, कोड पुसला की आठवडाभर गप्प राहतो आणि पुन्हा लागतो. मोबाईलला जोडायचा साधा ब्लूटूथ स्कॅनर मी घेतला आहे. त्यावर दर वेळी पी ०४४१ हाच कोड दिसतो आणि त्याखाली ‘पर्ज फ्लो चुकीचा’ एवढेच लिहिलेले असते.

दिव्यापेक्षा मला इतर गोष्टींची चिंता अधिक वाटते. पंपावर टाकी भरून निघताना गाडी एका सेल्फमध्ये सुरू होत नाही. तीन-चार वेळा सेल्फ मारून अॅक्सिलरेटर दाबून धरला की धूर टाकत सुरू होते आणि पुढचे दोन मिनिटे आयडलिंगला थरथरते. टाकी अर्धी असेल तेव्हा मात्र काहीही त्रास नाही. दुसरे म्हणजे गाडी आमच्या मांगरात (घराबाहेरच्या शेडमध्ये) उभी असते आणि तिथेच सध्या पेंढ्यात आंब्याची अढी आहे. सकाळी दार उघडले की पेट्रोलचा वास नाकात शिरतो. खाली गळती कुठेही दिसत नाही, जमिनीवर पुठ्ठा पसरून पाहिला, तोही कोरडा राहिला. पेंढ्याच्या शेजारी पेट्रोलची वाफ असणे मला मुळीच पसंत नाही, म्हणून गाडी सध्या बाहेर फणसाखाली लावतो.

जवळच्या एका गॅरेजमध्ये आधी स्पार्क प्लग बदलले, नंतर टाकीचे झाकण बदलले. झाकण बदलल्यापासून एक नवीनच गोष्ट सुरू झाली आहे. फोंडा घाट चढून कोल्हापूरकडे गेलो की वरच्या टप्प्यात गाडी ओढ धरत नाही, अधूनमधून धक्के खाते, आणि थांबून झाकण उघडले की मोठ्याने ‘सूंऽऽ’ असा आवाज येतो. त्यानंतर गाडी पुन्हा व्यवस्थित चालते. आता त्याच गॅरेजने संपूर्ण चारकोल कॅनिस्टर बदलायला सांगितले आहे. खर्च करायला हरकत नाही, पण दोनदा भाग बदलूनही दिवा तसाच राहिल्यामुळे तिसऱ्यांदा अंदाजाने खर्च करण्याची इच्छा नाही. जाता जाता सांगतो, पंपावर नोझल हल्ली टाकी पूर्ण भरण्याआधीच खटकन बंद होते आणि पंपावरचा मुलगा पुन्हा पुन्हा दाबून राउंड फिगर करून देतो. त्याचा याच्याशी संबंध असेल का?

चालतंय तोवर (अलिबाग)

माझ्या गाडीतही हा दिवा दोन वर्षे लागत होता. मी त्यावर काळ्या चिकटपट्टीचा तुकडा लावला आणि विषय संपवला. पीयूसी मिळते, गाडी चालते, सरासरीही ठीक आहे. आपल्याकडे ही वाफेची व्यवस्था कोणीही तपासत नाही. उगाच त्यात पैसे घालू नयेत, असे माझे मत आहे.

कुडाळचा मेस्त्री

वरचे मत वाचले. पीयूसीची नळी सायलेन्सरमध्ये घातली जाते, त्यामुळे टाकीतून उडणारी वाफ त्या यंत्राला दिसणे शक्यच नाही. म्हणून पीयूसी मिळाली याचा अर्थ ही व्यवस्था ठीक आहे असा होत नाही. आणि ज्यांची गाडी पेंढ्याच्या शेजारी उभी असते, त्यांना चिकटपट्टीचा सल्ला देऊ नये. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते. ती वर उडून जात नाही, जमिनीलगत पसरते आणि मांगरासारख्या बंद जागेत कोपऱ्यात साचून राहते.

आता मूळ प्रश्न. ही व्यवस्था कशी चालते ते आधी सांगतो, कारण ते कळले की तुम्ही स्वतःच अर्धे निदान कराल. टाकीत तयार होणारी पेट्रोलची वाफ एका नळीने कोळशाच्या डब्यात, म्हणजे कॅनिस्टरमध्ये जाते. त्यातला सक्रिय कोळसा ती वाफ धरून ठेवतो. डब्याला आणखी दोन वाटा असतात. एक वाट बाहेरच्या हवेसाठी उघडी असते, तिला व्हेंट म्हणतात. दुसरी वाट पर्ज व्हॉल्व्हमधून इंजिनाच्या इनटेक मॅनिफोल्डला, म्हणजे इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्यांना, जाते. इंजिन गरम झाले की ईसीयू, म्हणजे इंजिन सांभाळणारा संगणक, पर्ज व्हॉल्व्ह टप्प्याटप्प्याने उघडतो, मॅनिफोल्डच्या व्हॅक्यूममुळे व्हेंटमधून ताजी हवा आत येते, कोळशातून जाताना वाफ सोबत घेते आणि इंजिनात जळून जाते. वीज नसताना हा व्हॉल्व्ह घट्ट बंद असायला हवा.

तुमच्यासारख्या बहुतेक गाड्यांच्या टाकीत वाफेचा दाब मोजणारा सेन्सर नसतो. मग वाफ वाहते की नाही हे ईसीयूला कळते कसे? तो व्हॉल्व्ह उघडतो आणि ऑक्सिजन सेन्सरचे वाचन किंवा आयडलिंगची हवा यांत काही फरक पडतो का ते पाहतो. फरक पडला नाही, की पी ०४४१ नोंदवतो. म्हणजे या कोडमधून एवढेच कळते की त्याने व्हॉल्व्ह उघडला आणि काहीच बदलले नाही. व्हॉल्व्ह उघडतच नसेल तरी असे होईल, मधली नळी चिमटली किंवा उंदराने कुरतडली असेल तरी होईल, व्हेंट बुजला असेल तरी होईल, आणि व्हॉल्व्ह आधीपासूनच उघडा राहिला असेल तरीही होईल, कारण उघड्या दाराला पुन्हा उघडून फरक तो काय पडणार? ‘पर्ज’ हा शब्द वाचून सरळ व्हॉल्व्ह किंवा कॅनिस्टर बदलणारे म्हणूनच फसतात.

टाकी भरल्यावर सुरू व्हायला त्रास, अर्धी असताना नाही, हे लक्षण व्हॉल्व्ह गळत असल्याचे आहे. टाकी भरताना आत ढवळून भरपूर वाफ होते आणि ती गळक्या व्हॉल्व्हमधून थेट मॅनिफोल्डमध्ये जाऊन बसते. सेल्फ मारला की इंजिनाला गरजेपेक्षा जास्त पेट्रोल मिळते, म्हणून अॅक्सिलरेटर दाबून जास्त हवा दिली की ते सुरू होते आणि काळसर धूर येतो.

हे तपासायला पैसे लागत नाहीत. इंजिन सुरू करून आयडलिंगला ठेवा. पर्ज व्हॉल्व्हचा विजेचा कनेक्टर काढा. हे महत्त्वाचे आहे, कारण काही गाड्यांत गरम इंजिनावर आयडलिंगलाही ईसीयू पर्ज करतो आणि तेव्हा ओढ जाणवणे स्वाभाविक असते. मग कॅनिस्टरकडून येणारी नळी व्हॉल्व्हवरून काढा आणि व्हॉल्व्हच्या मोकळ्या तोंडावर बोट ठेवा. बोट ओढले गेले तर व्हॉल्व्ह गळतो आहे, यात शंका नाही. काढलेल्या नळीचे तोंड तोपर्यंत बूच लावून ठेवा. इंजिन बंद करून मल्टिमीटरने व्हॉल्व्हच्या दोन पिनांमधला रोधही मोजा. सर्वसाधारणपणे २० ते ३० ओहमच्या आसपास मिळतो, नेमका आकडा गाडीच्या पुस्तिकेत पाहावा. कनेक्टरच्या पिना नीट बघा. आपल्या खाऱ्या हवेत त्यांच्यावर हिरवट थर चढतो आणि मग निष्कारण व्हॉल्व्हला दोष दिला जातो. हे सगळे मोकळ्या जागेत करा. जवळ चूल, उदबत्ती, बिडी काही नको.

परतलेला चाकरमानी (गुहागर)

मी बरीच वर्षे अमेरिकेत होतो, तिथल्या अनुभवावरून लिहितो. नोझल वेळेआधी खटकन बंद होणे हे कॅनिस्टरचा व्हेंट बुजल्याचे ठळक लक्षण आहे. टाकीतली हवा बाहेर जायला वाट मिळत नाही, म्हणून पेट्रोल गळ्याशी उलट येते आणि नोझल बंद होते. व्हेंटमध्ये कोळ्यांची जाळी होणे तिकडे इतके परिचित आहे की २०११ मध्ये माझदाने केवळ याच कारणासाठी सुमारे ६५ हजार माझदा ६ गाड्या परत बोलावल्या होत्या. एका जातीचा पिवळा कोळी व्हेंटच्या नळीत जाळे करत असे, त्यामुळे टाकीत व्हॅक्यूम होऊन तिला तडा जाण्याची भीती होती. तेव्हा आधी व्हेंट पाहा.

कुडाळचा मेस्त्री

व्हेंट पाहायलाच हवा, हे मान्य. परंतु नोझलचे कारण आपल्याकडे बहुधा वेगळे असते. अमेरिकेत १९९८ पासून गाड्यांना अशी व्यवस्था टप्प्याटप्प्याने सक्तीची झाली की टाकी भरताना बाहेर पडणारी सगळी वाफ कॅनिस्टरमधूनच जाते. त्यामुळे तिकडे व्हेंट बुजला की नोझल लगेच बोलते. आपल्याकडच्या गाड्यांत भरताना हटणारी हवा मुख्यतः टाकीच्या गळ्याशेजारच्या बारीक ब्रीदर पाइपने वर येऊन नोझलच्या कडेने बाहेर पडते. म्हणून इथे नोझल लवकर थांबत असेल तर तो पाइप, पंपाचा जोरदार प्रवाह किंवा नोझल तिरके धरणे ही कारणे आधी तपासावीत.

मला नोझलपेक्षा त्या मुलाच्या राउंड फिगरची काळजी आहे. नोझल पहिल्यांदा थांबते तेव्हा टाकीत वरच्या बाजूला वाफेसाठी ठेवलेली मोकळी जागा उरलेली असते. त्यानंतर दाबून दाबून भरलेले पेट्रोल ती जागा खाते, उन्हात गाडी तापली की पेट्रोल फुगते आणि वाफेच्या नळीतून द्रवरूपातच कॅनिस्टरमध्ये उतरते. कोळसा वाफ धरण्यासाठी असतो, पेट्रोलमध्ये भिजला की निकामी होतो, त्याच्या गोळ्या झिजून भुगा होतो आणि तो भुगा पर्ज व्हॉल्व्हच्या बैठकीत जाऊन अडकतो. व्हॉल्व्ह का गळू लागला याचे उत्तर तिथे सापडण्याची शक्यता मोठी आहे.

आता झाकणाबद्दल. झाकण उघडताना हवा बाहेर येते की आत जाते, हे तुम्ही लिहिलेले नाही. दोन्हींचे अर्थ अगदी उलट आहेत. भर उन्हात उभ्या गाडीतून थोडी वाफ बाहेर येणे ही रोजची गोष्ट आहे. पण बराच वेळ गाडी चालवून हवा आत ओढली जात असेल, तर टाकीत व्हॅक्यूम झाला आहे. पुढच्या वेळी झाकण सैल करताना कडेला रुमालाचा कोपरा धरा आणि तो कोणत्या बाजूला वळतो ते पाहा. दोन्ही झाकणे, जुने आणि नवे, जपून ठेवा.

जामसंड्याची वाट (देवगड)

मेस्त्री, आपण इतक्या बारकाईने लिहिलेत याबद्दल मनापासून आभार. रविवारी सकाळी खळ्यात गाडी काढून सगळे क्रमाने पाहिले आणि वाचने वहीत लिहून ठेवली, ती इथे देतो.

व्हॉल्व्हचा रोध २६ ओहम भरला. बाहेर काढून १२ व्होल्टची बॅटरी लावली तर टक् असा आवाजही स्पष्ट येतो. म्हणजे विजेच्या बाजूने तो निरोगी दिसतो. मात्र कनेक्टर काढलेला असताना तोंडावर बोट ठेवले तर बोट चिकटून बसले. व्हॉल्व्ह उलटा करून पांढऱ्या कागदावर हलकेच आपटला, तेव्हा मोहरीपेक्षाही बारीक असे पाच-सहा काळे कण पडले आणि बोटाने चिरडल्यावर कागदावर काजळीसारखी रेघ उठली. आपण म्हणालात तो कोळसा हाच असावा.

स्कॅनरवर शॉर्ट टर्म फ्युएल ट्रिम पाहण्याचे मला एका मित्राने सुचवले होते. ईसीयू त्या क्षणी पेट्रोल किती टक्के वाढवतो किंवा कमी करतो ते त्यातून कळते, उणे आकडा म्हणजे पेट्रोल कमी करतो आहे. टाकी भरून आणल्यावर, इंजिन गरम असताना आयडलिंगला तो उणे १७ टक्क्यांपर्यंत खाली जात होता. पर्जची नळी चिमट्याने दाबून धरली की अर्ध्या मिनिटात उणे ३ वर आला. नळी सोडली की पुन्हा खाली. पण एक गोष्ट मला उलगडली नाही. तासभर गाडी चालवून आल्यावर, नळी मोकळी असतानाही तो उणे ४ किंवा ५ एवढाच राहतो. व्हॉल्व्ह गळत असेल तर नेहमीच उणे १७ असायला नको का?

आणि रुमाल आत वळला. एवढ्या जोराने की कोपरा झाकणाच्या फटीत अडकला. जुने झाकण अडगळीत सापडले. ते उलटे करून पाहिले तर मध्यभागी एक छोटी स्प्रिंग आणि रबरी चकती आहे. नव्या झाकणात तशी काहीही रचना नाही, नुसते प्लॅस्टिक आणि वॉशर.

कुडाळचा मेस्त्री

तुमच्या शेवटच्या दोन परिच्छेदांत सगळी गोष्ट आली आहे. जुन्या झाकणातली ती स्प्रिंग म्हणजे व्हॅक्यूमचा सुरक्षा व्हॉल्व्ह. टाकीत व्हॅक्यूम फार वाढला की तो उघडतो आणि बाहेरची हवा आत घेतो. तुमचा व्हेंट माझ्या मते बऱ्याच आधीपासून बुजलेला आहे. इतके दिवस जुने झाकण त्याचे काम चोरून करत होते. झाकण बदलले, तेही स्प्रिंग नसलेले बसवले, आणि हवेची शेवटची वाट बंद झाली. पर्ज व्हॉल्व्ह गळका, म्हणून इंजिन सतत टाकीतून ओढत राहते, व्हेंटमधून हवा येत नाही, तेव्हा व्हॅक्यूम वाढत जातो आणि टाकीतल्या पंपाला पेट्रोल पुढे ढकलणे जड होते. फोंड्याच्या चढावर, जिथे पेट्रोलची गरज सर्वांत जास्त, तिथे गाडी धक्के खाते ती यामुळे. ट्रिमचे कोडेही त्यातच सुटते. टाकी भरून आणल्यावर झाकण नुकतेच उघडलेले असते, आत वाफ भरपूर असते आणि ती खुशाल वाहते. तासाभराने टाकी आणि मॅनिफोल्ड यांतला फरक कमी होतो, प्रवाह मंदावतो आणि ट्रिम शून्याकडे सरकतो. गाडी सुधारल्यासारखी दिसते, प्रत्यक्षात टाकी आत दबत असते.

आज, म्हणजे आजच, जुने झाकण परत लावा. नव्या झाकणाने घाट चढू नका. वॉशरला चीर पडली असेल तरी सध्या तेच बरे. मग गाडी चढवून कॅनिस्टरची व्हेंटची नळी कुठे जाते ते शोधा. काही गाड्यांत ती मागच्या चाकाच्या वर, तर काहींत टाकीच्या गळ्याजवळ संपते आणि टोकाला छोटा फिल्टर असतो. नळीत तोंडाने फुंकू किंवा ओढू नका, सायकलच्या पंपाने दोन-चार हलके दट्टे देऊन हवा जाते का पाहा. गॅरेजचा कॉम्प्रेसर तर अजिबात लावू नका.

रत्नागिरीची शिक्षिका

मी मोटार मेकॅनिकच्या विद्यार्थ्यांना शिकवते, म्हणून कॉम्प्रेसरच्या मुद्द्यावर थोडे सविस्तर लिहिते. ही सगळी व्यवस्था अतिशय कमी दाबासाठी घडवलेली असते. गळती शोधण्यासाठी जे स्मोक मशीन वापरतात, त्याचा दाब अर्ध्या पीएसआयच्याही आत ठेवतात आणि शक्य असेल तिथे हवेऐवजी नायट्रोजन वापरतात, कारण पेट्रोलच्या वाफेत ताजी हवा कोंबणे म्हणजे स्फोटक मिश्रण हाताने तयार करणे होय. टायर भरायच्या कॉम्प्रेसरचा दाब याच्या कितीतरी पट असतो. नळ्यांचे जोड सुटतात, क्वचित टाकीच फुटते. तरीही दर वर्षी एखादा विद्यार्थी आम्ही असेच करतो म्हणून सांगतो, तेव्हा मला वर्ग थांबवून पुन्हा पहिल्यापासून बोलावे लागते.

या धाग्यातील प्रकरणात स्मोक मशीनची गरज नाही, असे माझे मत आहे. गळतीपेक्षा इथे अडथळा आहे आणि अडथळ्यासाठी धूर फारसा बोलका नसतो. इंटरनेटवर वाचून पुष्कळ जण पी ०४४२ किंवा पी ०४५५ या गळतीच्या कोडांची वाट पाहतात, त्यांच्यासाठी एक खुलासा करते. अमेरिकेतल्या गाड्यांना १ मिलिमीटर, आणि नंतरच्या मॉडेलांना अर्ध्या मिलिमीटरएवढ्या छिद्राची गळती स्वतः ओळखावी लागते, म्हणून त्यांत टाकीच्या दाबाचा सेन्सर आणि व्हेंट बंद करणारा वेगळा व्हॉल्व्ह असतो. आपल्याकडील मानकांत किमान अपेक्षा पर्ज व्हॉल्व्हच्या विजेच्या जोडणीवर लक्ष ठेवण्याची आहे. त्यामुळे इथल्या पुष्कळ गाड्यांची नळी पूर्ण तुटून लोंबत असली तरी दिवा लागत नाही आणि मालकाला फक्त वासच कळवतो. आपल्याला पी ०४४१ तरी मिळाला, हे नशीब समजा.

मांगरातल्या वासाबद्दल मात्र मला एक शंका आहे. व्हेंट पूर्ण बुजलेला असेल तर वाफ व्हेंटमधून बाहेर येणार नाही. मग वास येतो कुठून? वाहन उभे असताना गळक्या पर्ज व्हॉल्व्हमधून वाफ इनटेकमध्ये शिरून एअर फिल्टरच्या वाटेने बाहेर पडत असावी, किंवा झाकणाच्या वॉशरमधून. एअर फिल्टरच्या डब्याशी नाक नेऊन पाहावे. कॅनिस्टर उतरवाल तेव्हा तो हातात घेऊन हलवा. आत खुळखुळ्यासारखा आवाज आला किंवा तो हाताला अपेक्षेपेक्षा जड लागला, तर तो वाळवून वापरण्याचा विचार करू नका.

जामसंड्याची वाट (देवगड)

उशिरा लिहितो आहे, कारण भाग मागवायला आठ दिवस गेले आणि मध्ये आंब्याच्या पेट्या पाठवण्याची घाई होती.

जुने झाकण त्याच संध्याकाळी लावले. दुसऱ्या दिवशी चुलतभावाच्या मदतीने मागचे चाक काढले. व्हेंटची नळी चाकाच्या आतल्या प्लॅस्टिकच्या अस्तरामागे वर चढून संपते. तिच्या तोंडात तांबड्या मातीचे बूच बसले होते, इतके घट्ट आणि गुळगुळीत की क्षणभर मला ते कारखान्यातूनच आले आहे असे वाटले. स्क्रूड्रायव्हरने टोकरले तेव्हा ते खळकन फुटले आणि आत एकामागे एक अशा मातीच्या दोन कोठड्या निघाल्या. पहिल्या कोठडीत वाळून कोळ झालेले सात-आठ छोटे कोळी होते. कुंभारीण माशीचे घरटे. ती कोळ्यांना डंख करून सुन्न करते आणि पिल्लांच्या खाऊसाठी कोठडीत भरून ठेवते, हे लहानपणी भिंतीवरच्या घरट्यांत पाहिले होते, गाडीत पाहीन असे वाटले नव्हते. गुहागरच्या भाऊंनी कोळी सांगितला, तो सापडलाच म्हणायचा, पण माशीच्या कोठारात.

माती काढल्यावर सायकलच्या पंपाची हवा पर्जच्या नळीतून कॅनिस्टरमध्ये आणि तिथून व्हेंटमधून बाहेर आली, पण सोबत काळा भुगाही आला. कॅनिस्टर हलवला तर खुळखुळला. बाईंनी सांगितलेली दुसरी खूणही पटली, एअर फिल्टरचा डबा उघडताच पेट्रोलचा दर्प आला. म्हणजे शेवटी कॅनिस्टर बदलायला सांगणारे ते गॅरेजही चुकले नव्हते. मात्र त्यांचे ऐकून नुसता कॅनिस्टर बदलला असता, तर मातीचे बूच आणि गळका व्हॉल्व्ह दोन्ही जागच्या जागी राहिले असते.

कॅनिस्टर, पर्ज व्हॉल्व्ह आणि स्प्रिंगचे झाकण अशा तीन वस्तू मागवल्या. बसवण्याआधी मधल्या सगळ्या नळ्या झटकून त्यांतले कण काढले, नाहीतर नवा व्हॉल्व्हही पहिल्याच आठवड्यात अडकला असता. काल टाकी भरली. नोझल पहिल्यांदा थांबल्यावर मी पंपावरच्या मुलाला हात दाखवून थांबवले. बिल ३,१४७ रुपये झाले आणि सुट्ट्या पैशांवरून त्याच्या चेहऱ्यावर नाराजी दिसली. गाडी एका सेल्फमध्ये सुरू झाली. ट्रिम आयडलिंगला उणे २ ते अधिक ३ या दरम्यान हलतो आहे. आज पहाटे फोंडा घाट चढून राधानगरीपर्यंत जाऊन आलो, धक्का नाही, आणि झाकण उघडताना रुमाल जागचा हलला नाही. दिवा मी स्कॅनरने पुसलेला नाही, तो आपोआप जातो का हे पाहायचे आहे. व्हेंटच्या तोंडाला बारीक जाळी बांधावी का, एवढा एकच प्रश्न उरला आहे.

कुडाळचा मेस्त्री

दोष खरोखर गेला असेल तर साधारणपणे तपासणीच्या सलग तीन फेऱ्या नीट पार पडल्यावर दिवा आपोआप विझतो. कोड मात्र आठवणीत काही काळ राहतो. त्यामुळे न पुसता वाट पाहता आहात हे उत्तम.

जाळी बांधू नका. बारीक जाळीवर आपली तांबडी धूळ आणि पावसातला चिखल बसला की तीच पुढच्या वर्षीचे बूच होईल. नळीच्या टोकाला कंपनीचा जो फिल्टर येतो तोच बसवा आणि दसऱ्याच्या सुमारास चाक काढून एकदा आत बोट घालून बघा. मांगरात गाडी मागे लावताना भिंतीवर कुंभारणीची घरटी दिसली, तर तेव्हाही बघा.